झाड परदेशी आहे, हा त्याचा गुन्हा नव्हे

दर जून-जुलैमध्ये महाराष्ट्रात दोन जत्रा भरतात. पहिली सरकारी वृक्षलागवडीची. खड्डे, रोपं, फोटो आणि आकडे. २०१६ मध्ये २ कोटी रोपांचं लक्ष्य होतं, २०१७ मध्ये ४ कोटी, २०१८ मध्ये १३ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटी. दुसरी जत्रा अलीकडची, ती मोबाईलवर भरते. 'परदेशी झाडं हटवा, देशी झाडं लावा' ही तिची हाक. निलगिरी, सुबाभूळ, गिरिपुष्प, ऑस्ट्रेलियन बाभूळ अशी यादी फिरते आणि तिच्याखाली लोक लिहितात: ही आपल्या मातीतली नाहीत, घुसखोर आहेत, भराभर वाढतात, मूळच्यांना जागा उरू देत नाहीत, मुळासकट उपटा.

पहिल्या जत्रेशी माझं जुनं भांडण आहे. त्यामुळे दुसरीत मी सामील व्हावं, असं मित्रांना वाटतं. त्या यादीतल्या झाडांची जंगलजमिनीवर सरसकट लागवड करायला माझाही विरोधच आहे. तरीही त्या घोळक्यात मला उभं राहवत नाही. एक तर माझ्या नावाच्या माणसाला ते शब्द फार ओळखीचे आहेत. आणि दुसरं, जास्त महत्त्वाचं कारण असं की आरोप चुकीचा ठेवला की खरा आरोपी सुटतो.

खऱ्या आरोपीचं नाव आहे 'वाढ'.

वनशेतीच्या हिशेबात वाढ म्हणजे एका हेक्टरात एका वर्षात किती घनमीटर लाकूड भरलं. या मापानं आपलं मिश्र जंगल कायम नापास होतं. सागाला तोडणीयोग्य व्हायला ६० ते ८० वर्षं लागतात. ऐन, किंजळ, हेद आपापल्या चालीनं वाढतात. करवंद, तोरण यांच्याकडे तर लाकूडच नाही. याउलट निलगिरी कागदाच्या लगद्यासाठी सहा ते आठ वर्षांत तोडता येते. तोडलेल्या बुंध्याला पुन्हा फुटवे येतात आणि त्याच मुळांवर दुसरं, तिसरं पीक निघतं. ऑस्ट्रेलियन बाभूळ मुरमाड जमिनीत, जांभ्यावर, खाणीच्या ढिगाऱ्यावरही तग धरते. वर तिला गुरं तोंड लावत नाहीत, म्हणून कुंपणाचा आणि राखणदाराचा खर्च वाचतो. हा शेवटचा गुण नीट ध्यानात ठेवा. लागवड करणाऱ्याच्या वहीत तो जमेच्या बाजूला लिहिलेला असतो. गावच्या गुराख्याच्या वहीत मात्र तोच खर्चाच्या बाजूला पडतो.

ही झाडं आपल्याकडे आली कशी? निलगिरीबद्दल असं नोंदलेलं आहे की १७९० च्या सुमारास टिपू सुलताननं नंदी टेकड्यांवरच्या आपल्या बागेत ती पहिल्यांदा लावली. यावर कुणी 'बघा, इथेही तोच' अशी पोस्ट टाकण्याआधी पुढचं वाचावं. राजाच्या बागेत हौसेनं लावलेल्या चार परदेशी झाडांनी कुणाचं रान गेलं नाही. रान जायला लागलं ते १८४३ नंतर. इंग्रजांनी उटीच्या परिसरात सरपणासाठी निलगिरीची लागवड सुरू केली आणि पुढे वॅटल व निलगिरीच्या रांगांनी तिथली शोलावनं आणि मोठाली गवताळ कुरणं व्यापली. मराठीत तर झाडाचं नावच त्या डोंगरावरून पडलं. ऑस्ट्रेलियातून आलेल्या झाडाला आपण एका भारतीय डोंगराचं नाव दिलं आणि त्या डोंगराचं स्वतःचं गवत विसरलो.

तरीही मोठा धक्का इंग्रजांनी दिलेला नाही, तो स्वतंत्र भारतानं दिला. १९७० च्या दशकात राष्ट्रीय कृषी आयोगानं 'उत्पादक वनशेती'चा आग्रह धरला. संथ वाढणारी मिश्र जंगलं काढून उद्योगांना लागणारं लाकूड देणारी मानवनिर्मित वनं उभी करावीत, असा त्याचा अर्थ. त्यासाठी राज्याराज्यांत वनविकास महामंडळं निघाली; महाराष्ट्राचं १९७४ मध्ये. १९७६ चा आयोगाचा अहवाल आणि त्यापाठोपाठ आलेलं सामाजिक वनीकरण यांनी ही झाडं जंगलाबाहेर, गायरानांवर आणि रस्त्यांच्या कडेला आणली. सुबाभूळ आली ती चाऱ्याचं आणि सरपणाचं आश्वासन घेऊन. गिरिपुष्प आलं हिरवळीच्या खताचं निमित्त घेऊन. शेताच्या बांधावर ते खरोखर उपयोगी आहेही. पण बांधावरून ते टेकड्यांवर नेलं गेलं आणि पुण्याच्या टेकड्यांवर आज त्याच्याच रांगा दिसतात.

मजा अशी, की जिच्यासाठी एवढा खटाटोप केला ती वाढही सांगितल्याबरहुकूम आली नाही. केरळात भरपूर पावसाच्या डोंगरउतारांवर निलगिरीला 'पिंक डिसीज' नावाच्या बुरशीनं गाठलं. सुबाभळीवर १९८८ च्या सुमारास सायलिड नावाची कीड भारतात पोचली आणि कोवळे शेंडे खाऊ लागली. एकाच जातीची हजारो झाडं एका ओळीत उभी केली की रोगालाही घर शोधत हिंडावं लागत नाही.

मी रत्नागिरी जिल्ह्यातला. आमच्याकडे डोंगराच्या माथ्यावर जांभ्याचे सपाट सडे आहेत. सरकारी कागदात त्यांची ओळख 'पडीक'. उन्हाळ्यात बाहेरून आलेल्या माणसाला ते तसे वाटतीलही. काळाकभिन्न कातळ आणि वर तापलेली हवा. पण जूनचे पहिले दोन पाऊस पडू द्या. कातळाच्या फटीत जेमतेम बोटभर माती असते, तिच्यातून गवत येतं, मग दीपकाडी, गेंद, सीतेची आसवं. दीपकाडीची एक जात तर कोकणच्या सड्यांशिवाय जगात कुठेच सापडत नाही. गावची गुरं पावसाळाभर तिथे चरतात. सड्यावर पडलेलं पाणी जांभ्यातून झिरपत खाली वाडीच्या विहिरींना आणि झऱ्यांना मिळतं. याच सड्यांवर कातळशिल्पं आहेत. २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत गेली, तेव्हा कुठे लोकांना कळलं की इथे हजारो वर्षांपूर्वीही माणसाला काम होतं.

अशा जमिनीला पडीक ठरवून तिच्यावर पहारीनं खड्डे मारायचे आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ लावायची, याला आपण वनीकरण म्हणतो. दहा वर्षांनी त्या लागवडीत जाऊन बघा. वर हिरवं असतं, हे खरं. खाली काय असतं? तपकिरी, कोयत्याच्या आकाराच्या पानांचा जाड थर. वनस्पतिशास्त्राच्या भाषेत ती पानंही नव्हेत, पसरट झालेले देठ आहेत; चिवट असतात, लवकर कुजत नाहीत. त्या थराखाली गवत मरतं. गवत गेलं की चरणं गेलं. ऐनाच्या फांद्या तोडून भाताच्या दाढीत कवळ भाजणारा शेतकरी या झाडाकडे वळूनही बघत नाही. करवंदं विकून शाळेच्या वह्या आणणाऱ्या बाईला त्यात काही नाही. उन्हाळ्यात वाळलेला पाला पेटला की मात्र विझवायला तिलाच बोलावतात.

पाण्याचं काय? निलगिरी पाणी पिते, हे वाक्य आपल्याकडे म्हणीसारखं वापरलं जातं, तेव्हा जरा हिशेबानं बोलू. इयन काल्डर या ब्रिटिश जलशास्त्रज्ञानं भारतीय सहकाऱ्यांबरोबर कर्नाटकात निलगिरीच्या पाण्याची मोजणी केली. मध्यम खोलीच्या जमिनीत निलगिरीनं वापरलेलं पाणी तिथल्या देशी पानगळीच्या जंगलापेक्षा जास्त भरलं नाही. नाचणीच्या शेताच्या तुलनेत मात्र ते साधारण दुप्पट होतं. आणि होसकोटेजवळ खोल मातीच्या जमिनीत, जिथे निलगिरी शेतात लावली होती, तिथे झाडांनी त्या काळात पडलेल्या पावसापेक्षाही जास्त पाणी उचललं. मुळं खोल जाऊन वर्षानुवर्षं साठलेला ओलावा उपसत होती. म्हणजे तेच झाड एका जागी जंगलासारखं वागतं आणि दुसऱ्या जागी बोअरवेलसारखं. ते कुठे लावायचं हे झाड ठरवत नाही. ते ठरवणारी माणसं असतात, त्यांच्या सह्या असतात, त्यांची लक्ष्यं असतात. २०१७ मध्ये कर्नाटक सरकारनं निलगिरीच्या नव्या लागवडीवर बंदी घातली. पण आधीची काही दशकं हेच झाड लोकांच्या गळ्यात सरकारी योजनांनीच बांधलं होतं.

आता जातीच्या प्रश्नाकडे येऊ. झाडाच्या जातीच्या, म्हणजे तो देशी की परदेशी या प्रश्नाकडे.

१९८३ मध्ये कर्नाटकातल्या तुमकूर जिल्ह्यात गावकरी मोर्चानं वनखात्याच्या रोपवाटिकेवर गेले. त्यांनी निलगिरीची रोपं उपटली आणि त्या जागी चिंच आणि आंब्याच्या बिया पेरल्या. माझ्या लेखी भारतातल्या पर्यावरणाच्या लढ्यांतला हा फार शहाणा प्रसंग आहे. कारण चिंच मूळची आफ्रिकेची. अरबांनी तिला 'तमर हिंदी', हिंदुस्तानची खजूर म्हटलं, त्यावरून तिचं शास्त्रीय नावही 'इंडिका' झालं. तुमकूरच्या शेतकऱ्यानं चिंचेचा जन्मदाखला मागितला नाही. चिंच सावली देते, आंबट देते, चिंचोका देते, तिच्याखाली बैल बांधता येतो आणि तिच्यावर पाखरं राहतात, एवढं त्याला पुरेसं होतं.

हाच दाखला मागत बसलात तर कोकणात काय शिल्लक राहील? काजू पोर्तुगीजांनी आणला. सीताफळ अमेरिकेतलं. मिरची तर झाड नव्हे झुडूप, पण तिच्याशिवाय एक तरी मराठी स्वयंपाकघर दाखवा. दख्खनमध्ये जुन्या किल्ल्यांच्या, दर्ग्यांच्या आसपास अवाढव्य बुंध्याची झाडं उभी दिसतात, आफ्रिकेतला बाओबाब. आपल्या लोकांनी त्याला गोरखनाथाचं नाव देऊन टाकलं, गोरखचिंच. समुद्रापलीकडून आलेल्या झाडाला नाथपंथी करून घेण्याइतकं मन या मातीचं मोठं होतं. ते आज एकाएकी एवढं आकसलं कशानं?

यावर एक रास्त आक्षेप आहे. परदेशातून आलेल्या काही वनस्पती खरोखर रान गिळतात. घाणेरी, रानमोडी, वेडी बाभूळ यांनी केलेलं नुकसान मी नाकारत नाही, ते दिसतं. पण वनस्पतिशास्त्रज्ञ 'परदेशी' आणि 'आक्रमक' हे दोन शब्द वेगळे ठेवतात. बहुतेक परदेशी झाडं आक्रमक नसतात. आणि जी पसरतात, त्यांना बहुतेकदा आपणच आधी तोडून, खणून, ओरबाडून जागा करून दिलेली असते. हा फरक शास्त्रज्ञाला कळतो. घोषणा देणाऱ्याला तो नको असतो, कारण त्याला झाडाविषयी बोलायचंच नसतं.

उलट बाजूनं बघा. साग तर अस्सल देशी. १९७८ च्या सुमारास आजच्या झारखंडात, सिंहभूमच्या जंगलात वनखातं साल तोडून साग लावत होतं. आदिवासींनी सागाची रोपं उपटली. साल म्हणजे झारखंड आणि साग म्हणजे बिहार, अशी त्यांची घोषणाच होती. सालाचं बी, पानं, डिंक, फुलोरा, त्याच्याभोवतीचा सण हे सगळं त्यांच्या जगण्यात होतं. सागाचं लाकूड मात्र ट्रकमध्ये बसून निघून जाणार होतं. १९८० मध्ये गुआला याच जंगल आंदोलनातल्या आदिवासींवर गोळीबार झाला. आपल्या विदर्भातही मोह, तेंदू, चारोळी, आवळा असलेलं मिश्र जंगल तोडून सागाच्या ओळी लावल्या गेल्या. त्या ओळींमध्ये मोह वेचणाऱ्या बाईचं नुकसान ऑस्ट्रेलियन बाभळीनं केलं असतं तेवढंच होतं. देशीपणानं तिच्या टोपलीत एक फूलही जास्त पडत नाही.

म्हणून मी म्हणतो, भांडण झाडाच्या मूळ गावाशी नाही. जमीन कुणाची आणि तिचं खातं कोण, याच्याशी आहे. कर्नाटकात १९८४ मध्ये सरकार आणि हरिहर पॉलिफायबर्स यांनी मिळून कर्नाटक पल्पवूड लिमिटेड ही कंपनी काढली आणि तिच्यासाठी गावांच्या वापरातली सुमारे ३०,००० हेक्टर जमीन निलगिरीला द्यायची ठरवली. १४ नोव्हेंबर १९८७ रोजी कुसनूर गावात लोकांनी निलगिरीची रोपं उपटून त्या जागी आपल्या उपयोगाची झाडं लावली. 'उपटा आणि लावा' हेच त्या सत्याग्रहाचं कन्नड नाव होतं. शिवराम कारंतांसारखे लेखक सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९९१ मध्ये कंपनी गुंडाळावी लागली. या लढ्यात निलगिरी परदेशी आहे हा मुद्दा मुख्य नव्हताच. गायरान आमचं आहे, हा होता.

लागवडीच्या बाजूनंही एक प्रामाणिक युक्तिवाद आहे आणि त्याला उत्तर दिलं पाहिजे. देशाला कागद हवा, प्लायवूड हवं, सरपण हवं; जलद वाढणारी झाडं लावली तर नैसर्गिक जंगलावरचा भार हलका होईल. मान्य. शेतकऱ्यानं स्वतःच्या शेतात निलगिरी किंवा सुबाभूळ लावून कागद गिरणीला विकावी. आंध्रात हजारो शेतकरी तेच करतात. पाण्याचा विचार करून करावं, एवढंच. खाणीच्या उघड्या ढिगाऱ्यावर माती धरून ठेवायला ऑस्ट्रेलियन बाभूळ लावली, त्यालाही माझी हरकत नाही. पण भार हलका करायचा म्हणून जंगलच तोडायचं आणि गवताळ रानच बुजवायचं, हा कसला हिशेब? हे लाकडाचं पीक आहे. पीक शेतात घ्या. त्याला जंगल म्हणू नका.

'म्हणू नका' यावर माझा जोर आहे, कारण सगळी गडबड या म्हणण्यातच आहे. भारतीय वन सर्वेक्षणाच्या व्याख्येत एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जमिनीवर १० टक्के झाडोरा दिसला की ते वनाच्छादन. जमीन कुणाची, झाड कोणतं, हे तिथे विचारलं जात नाही. उपग्रहाला निलगिरीची ओळ आणि देवराई दोन्ही हिरवीच दिसतात. म्हणजे खाणीसाठी, धरणासाठी, महामार्गासाठी जुनं जंगल तोडा, दुसरीकडे कुणाच्या तरी चराऊ रानात ओळीनं रोपं लावा, आणि अहवालात हिरवा रंग जागच्या जागी. २०१६ च्या भरपाई वनीकरण कायद्यानं या व्यवहारासाठी मोठा निधी उभा केला. २०२३ मध्ये 'ग्रीन क्रेडिट' आलं. २०२४ च्या नियमांत विरळ जंगल, झुडपी रान आणि पडीक जमिनीवर हेक्टरी किमान १,१०० झाडांची अट होती. सड्यावर हेक्टरी १,१०० झाडं! नंतर नियम बदलले, पण माप झाडोऱ्याचंच राहिलं. एवढ्या दाटीत, एवढ्या खडकाळ जमिनीत, एवढ्या घाईत कोणतं झाड तग धरेल? यादी परत तिथेच येते. म्हणून आज ऑस्ट्रेलियन बाभळीला शिव्या देणारी यंत्रणा उद्या देशी झाडाच्या नावानं हेच करील, आणि 'देशी झाडं लावा'वाले टाळ्या वाजवतील.

आपल्या घरांत लहानपणापासून ऐकवली जाणारी एक हदीस आहे. मुसलमानानं झाड लावलं आणि त्याचं माणसानं, जनावरानं किंवा पाखरानं काही खाल्लं, तर ते लावणाऱ्याच्या नावे सदका म्हणून लिहिलं जातं, असा तिचा आशय. वृक्षारोपणाच्या कार्यक्रमात आपले मौलवी आणि नगरसेवक दोघेही ती सांगतात, आणि मग मदरशाच्या किंवा कब्रस्तानच्या आवारात फुकट मिळालेली गिरिपुष्पाची रोपं लावून मोकळे होतात. त्या हदीसमध्ये किती झाडं लावली याचा उल्लेख नाही. झाड कुठल्या मुलखाचं, हेही विचारलेलं नाही. खाणारा कोण, एवढंच विचारलं आहे. वनखात्याच्या एका तरी अहवालात हा रकाना मला दाखवा.

माझ्या मागण्या साध्या आहेत. सडे, माळ आणि कुरणं यांना पडीक म्हणणं कागदावरून काढा. तिथे झाड नसणं हा दोष नाही, तो त्या जमिनीचा स्वभाव आहे. लागवडीचं यश रोपांच्या संख्येनं मोजू नका. दहा वर्षांनी खाली काय उगवलं आणि गावानं काय वेचलं यावर मोजा. आधीच उभ्या असलेल्या परदेशी लागवडी एका दिवसात जेसीबी लावून साफ करू नका. ओळी टप्प्याटप्प्यानं विरळ करा, सावलीत ऐन, किंजळ, जांभूळ, खैर येऊ द्या, निघालेलं लाकूड गावाला द्या. आणि सर्वांत आधी, २००६ च्या वनहक्क कायद्यानं ग्रामसभेला जंगल राखण्याचा जो हक्क दिला तो कागदावरून जमिनीवर आणा. गडचिरोलीच्या मेंढा-लेखानं २००९ मध्ये तो मिळवला आणि आपलं जंगल आपण सांभाळू शकतो हे दाखवलं. महामंडळाला जे दशकानुदशकं जमलं नाही ते एका छोट्या गोंड गावाला जमतं, कारण त्या गावाला जंगलातून फक्त लाकूड नको असतं.

येत्या पावसाळ्यात तुमच्या गावात रोपांचा ट्रक येईल. तेव्हा झाड देशी की परदेशी, यावर वाद घालत बसू नका. तीनच प्रश्न विचारा. ही जमीन आज कुणाच्या कामाला येते? या झाडाचं उद्या कोण खाणार? आणि हे ठरवताना ग्रामसभा कधी बसली होती? उत्तरं मिळाली, तर फावडं घ्या आणि मदतीला जा. मिळाली नाहीत, तर ट्रक परत पाठवा, त्यात वड-पिंपळाची रोपं असली तरी.